घरगुती ध्वनिमुद्रण आणि सामायिक साधनसंपत्ती : एक ऐतिहासिक विवेचन

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सामान्यतः शोधकांच्या चरित्रांतून किंवा कंपन्यांच्या भरभराटीच्या अनुषंगाने लिहिला जातो. एडिसन, बर्लिनर, ग्रामोफोन कंपनी, फिलिप्स अशी त्याची प्रकरणे पाडण्याचा प्रघात आहे. ह्या मांडणीत एक वर्ग नेहमीच बाहेर राहतो. स्टुडिओचे भाडे ज्याला परवडत नाही, कोणत्याही कंपनीशी ज्याचा करार झालेला नाही, आणि तरीही जो घरातील एखाद्या खोलीत आपला आवाज किंवा आपले वाद्य मुद्रित करतो, त्या स्वतंत्र संगीतकाराचा हा वर्ग होय. आज अशा संगीतकाराच्या हाताशी आंतरजालावर अनेक विनामूल्य साधने आहेत : मुद्रणाच्या आणि संपादनाच्या आज्ञावल्या, ध्वनींचे कोश, स्वरलिपीत छापलेल्या संगीताची ग्रंथालये, आणि आपले संगीत लोकांपुढे ठेवण्याच्या जागा. ही साधने कशी निर्माण झाली, त्यांपैकी कोणती टिकली व कोणती नष्ट झाली, आणि ह्या टिकण्या-नासण्याला काही नियम सांगता येतो काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर बोलींचे सर्वेक्षण करणारा आपला विद्यार्थी आज तीच साधने वापरतो जी घरगुती संगीतकार वापरतो. किंबहुना त्यांतील काही साधने ध्वनिविज्ञानाच्या गरजेतूनच जन्मली आहेत. दुसरे असे की, ह्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न हा लेखनसंकेताचा प्रश्न आहे. ध्वनी कोणत्या चिन्हांत बांधावा, ती चिन्हे कोणाच्या मालकीची असावीत, आणि पुढच्या पिढीला ती वाचता यावीत म्हणून काय करावे, हे प्रश्न लिपीच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत.

आपल्या भाषेत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द आहेत. व्यवहारात आपण ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. ह्या विषयात मात्र त्यांचा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. जे पैसे न देता मिळते ते मोफत. ज्याची नक्कल करण्याचा, ज्यात बदल करण्याचा आणि जे दुसऱ्यास देण्याचा अधिकार घेणाऱ्यास मिळतो ते मुक्त. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा इतिहास पाहता केवळ मोफत असलेल्यांपैकी पुष्कळसे वाया गेले आणि मुक्त असलेले बहुतांशी उरले, असे दिसते. पुढील विवेचनात हेच प्रतिपादन तपासून पाहावयाचे आहे.

१. घरातून बाहेर आणि पुन्हा घरात

एडिसनने १८७७ साली जो फोनोग्राफ सिद्ध केला तो ऐकविण्याचे आणि मुद्रणाचे असे दोन्ही काम करणारा होता, ह्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १८७८ साली 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या लेखात त्याने ह्या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगितले. त्यांत पत्रलेखनाला पहिले स्थान होते. संगीताचा उल्लेख त्यानंतर येतो. कुटुंबातील माणसांचे आवाज जतन करणे हा उपयोगही त्यात आहे, आणि उच्चारपद्धतीसह भाषा जतन करणे हाही आहे. म्हणजे ध्वनिमुद्रण हे घरी, कुटुंबीयांनी करावयाचे काम आहे, अशीच आरंभीची कल्पना होती. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या. त्यांचा वरचा थर तासून त्यांवर पुन्हा मुद्रण करता येई. १८९० साली जेसी वॉल्टर फ्यूक्स ह्या अभ्यासकाने अमेरिकेतील मेन राज्यात पॅसामाक्वॉडी लोकांची गाणी व कथा अशाच नळकांड्यांवर मुद्रित केल्या. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा हा आरंभ मानला जातो.

एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनने, १८८७ नंतर, हे चित्र पालटले. तबकडीच्या हव्या तितक्या प्रती छापता येत होत्या, हा तिचा मोठा गुण. परंतु ग्राहकाच्या घरी असलेले यंत्र केवळ ऐकविणारे होते. मुद्रण कंपनीच्या हाती गेले आणि घर हे श्रोत्याचे स्थान झाले. फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला तेव्हा भारतीय गायकांपुढे हाच प्रकार उभा राहिला. कंपनीचे यंत्र जेथे मांडले असेल तेथे जावयाचे आणि सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावयाचा, अशी अट त्यांना पत्करावी लागली. एडिसनच्या कंपनीने नळकांड्यांचे उत्पादन १९२९ साली थांबविले, आणि घरी मुद्रण करण्याची ती पहिली परंपरा बहुतांशी खंडित झाली.

ती पुन्हा सुरू झाली चुंबकीय फितीमुळे. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे जर्मन फीतयंत्र लोकांपुढे आले, आणि महायुद्धानंतर त्याचे तंत्र अमेरिकेत पोहोचले. तेथे लेस पॉल ह्या गिटारवादकाने फीतयंत्रात फेरफार करून एका मुद्रणावर दुसरे मुद्रण चढविण्याची रीत घरीच विकसित केली. १९५१ साली अत्यंत लोकप्रिय झालेली त्याची व मेरी फोर्डची ध्वनिमुद्रिका ह्या रीतीचे फळ होती. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली. १९७९ साली साध्या कॅसेटवर चार पदर स्वतंत्रपणे मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत आपल्या राहत्या घरी अशा यंत्रावर केलेली कच्ची मुद्रणेच पुढे 'नेब्रास्का' ह्या संग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली, आणि भजने, लावण्या, भीमगीते असे प्रादेशिक संगीत छोट्या प्रकाशकांकरवी गावोगाव पोहोचले.

येथपर्यंतच्या इतिहासात यंत्र घरी परतले, पण प्रत्येक यंत्र स्वतःपुरते राहिले. साधनांचा सामायिक साठा म्हणावा असे अद्याप काही निर्माण झाले नव्हते.

२. सामायिक संकेत : मिडी

तो साठा शक्य झाला एका संकेतामुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीची यंत्रे आपापली भाषा बोलत होती. एका कंपनीच्या पट्टीवरून दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजविता येत नसे. १९८१ साली सीक्वेन्शियल सर्किट्स ह्या अमेरिकन कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी सहकाऱ्यासह अशा सर्वसामान्य जोडणीची योजना एका निबंधाद्वारे मांडली. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा ह्या कामी पुढाकार होता. १९८३ च्या जानेवारीत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजवून दाखविण्यात आली, आणि त्याच वर्षी मिडी ह्या संकेताचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तो वापरण्यास कोणासही शुल्क द्यावे लागले नाही. ह्या कार्याबद्दल दोघांनाही २०१३ साली ग्रॅमी पुरस्कारांपैकी तंत्रविषयक पुरस्कार देण्यात आला.

मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही, आज्ञा वाहतात : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. स्वरांना ० ते १२७ असे अंक दिलेले आहेत; मधल्या 'सी' ह्या स्वराचा अंक ६०. एका तारेतून १६ स्वतंत्र वाहिन्या जातात, आणि वेग सेकंदास ३१,२५० बिट इतका असतो. आजच्या मानाने तो फारच अल्प आहे.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ध्वनिमुद्रण हे उच्चाराचे सूक्ष्म लेखन आहे आणि मिडी हे स्वनिमांचे लेखन आहे. मिडीत अर्थभेदक अशा निवडक एककांची यादी आधीच ठरलेली असते आणि प्रत्यक्ष ध्वनीचे बाकीचे वैशिष्ट्य गाळले जाते. असे लेखन आटोपशीर असते, ते सहज बदलता येते, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला आपल्या वाद्यात वाचता येते. मात्र यादी कोणी केली, हा प्रश्न उरतो. मिडीची यादी पाश्चात्य पट्टीवाद्यावरून केलेली आहे. तीत सप्तकाचे बारा भाग आहेत; मींड आणि आंदोलन यांना त्या यादीत जागा नाही. स्वर वाकविण्याची सोय ठेवलेली आहे आणि तिला १६,३८४ पायऱ्याही आहेत. परंतु ती संपूर्ण वाहिनीला लागू होते. एकाच वाहिनीत दोन स्वर एकदम वाजत असतील तर ते दोन्ही वाकतात. पेटीवरील वादाची येथे आठवण होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, ती श्रुतींना आणि मींडेला पेटीत स्थान नाही ह्या आक्षेपावरून. मिडीने तोच आक्षेप एका संपूर्ण जगापुरता पुन्हा उभा केला.

असे असूनही तो संकेत मोडीत निघाला नाही. त्याचा मसुदा सर्वांपुढे होता, म्हणून त्याची दुरुस्तीही सर्वांपुढे झाली. २०१८ साली प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविता येईल अशी पुरवणी त्याला जोडण्यात आली, आणि २०२० साली त्याची दुसरी आवृत्ती मान्य झाली. पण १९८३ च्या वाद्याशी असलेला संबंध तुटू दिला नाही. देवनागरीत इंग्रजी शब्दांसाठी ॲ आणि ऑ ही चिन्हे आली तेव्हा जुनी पोथी वाचण्यात कोणतीच अडचण आली नाही, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

३. आज्ञावल्या आणि फाईलींचे स्वरूप

घरगुती संगीतकाराची पुष्कळशी साधने विद्यापीठांतून आलेली आहेत, हे आपल्यासारख्यांनी आवर्जून नोंदविण्याजोगे आहे. संगणकाकरवी संगीत निर्माण करणारी पहिली आज्ञावली मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल प्रयोगशाळेत लिहिली. त्याच परंपरेतील सीसाउंड ही आज्ञावली बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत सिद्ध केली आणि ती आजही विनामूल्य उपलब्ध आहे. ध्वनिवैज्ञानिकांच्या परिचयाची 'प्रात' ही आज्ञावली पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभापासून वाढविली.

सर्वांत अधिक प्रसार झाला तो ऑडॅसिटीचा. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली हे काम हाती घेतले ते ध्वनिविश्लेषणाच्या संशोधनासाठी. २००० च्या मे महिन्यात त्यांनी ती आज्ञावली मूळ संहितेसह प्रसिद्ध केली. मुद्रण, कापणी, पदरांवर पदर चढविणे, पार्श्वभूमीतील गुणगुण कमी करणे ही कामे ज्याला साध्या संगणकावर करावयाची होती त्याला ती पुरेशी होती, आणि अल्पावधीत ती संशोधनाच्या खोलीबाहेर पडली.

२०२१ साली ह्या आज्ञावलीची मालकी एका कंपनीकडे गेली. त्यानंतर वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यासंबंधीच्या मसुद्यावरून पुष्कळ वाद झाला आणि तो मसुदा बदलावा लागला. आपल्या दृष्टीने ह्या प्रसंगातील महत्त्वाची बाब ही की, मूळ संहिता मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ज्यांना नवे धोरण मान्य नव्हते त्यांनी तिच्या नकला घेऊन वेगळ्या नावाने काम सुरू केले. त्या सगळ्याच शाखा वाढल्या असे नाही. पण तसे करता आले, आणि ते करता येते ह्याची जाणीव मालकालाही होती.

फाईलींच्या स्वरूपाचा इतिहासही हाच धडा देतो. एमपी३ हे स्वरूप १९९० च्या दशकात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या प्रमुख सहभागाने तयार झाले. त्याचे सुपरिचित नाव १९९५ सालचे. मानवी श्रवणाला एका मोठ्या ध्वनीच्या सावलीत जे लहान ध्वनी जाणवत नाहीत ते गाळावयाचे, हे त्याचे तत्त्व. फाईल मूळच्या सुमारे दशांशावर येते, म्हणून मंद जोडणीच्या काळात स्वतंत्र संगीतकाराला ते वरदान ठरले. परंतु ते पेटंटांनी बांधलेले होते. १९९८ साली सुरू झालेल्या लेम ह्या प्रकल्पाने संकेतनाची अधिक चांगली रीत खुली केली. पेटंटांची अडचण मात्र राहिली, आणि परवाने देण्याची मूळ योजना २०१७ साली संपुष्टात आली. ह्या अडचणीला उत्तर म्हणून आधीच दोन मुक्त स्वरूपे पुढे आली होती : २००१ सालचे फ्लॅक आणि २००२ सालचे व्हॉर्बिस. त्यांपैकी फ्लॅकमध्ये काहीच गाळले जात नाही. फाईल उलगडली की मूळ मुद्रण जसेच्या तसे हाती येते. २०२४ साली आंतरजालाच्या मानकसंस्थेने फ्लॅकचे अधिकृत वर्णन प्रसिद्ध केले. ज्याला बोलीतील घर्षकांचे मापन करावयाचे आहे त्याने मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवणे म्हणजे पुरावा आपल्या हाताने पुसणे होय. गाळलेला ध्वनी पुन्हा मिळविता येत नाही.

४. भांडारे आणि परवाने

साधन हाती आले तरी कच्चा माल आणि त्याचा अधिकार हे प्रश्न उरतातच. कायद्यानुसार कृती निर्माण होताक्षणी सर्व हक्क कर्त्याकडे राहतात. त्याने काही देऊ केले असेल तर ते लिहिलेले पाहिजे. आपल्या जुन्या दानपत्रांत काय दिले, कोणास दिले आणि कोणत्या शर्तींवर दिले हे स्पष्ट असे, म्हणूनच ती आजही वाचता येतात. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या संस्थेने २००२ च्या डिसेंबरात जे परवाने प्रसिद्ध केले, त्यांनी हेच काम केले. नाव घालून वापरा, धंद्यासाठी वापरू नका, बदल केल्यास त्याच शर्तीवर पुढे द्या, अशा मोजक्या शर्तींची ती जुळणी होती. वकिलाकडे न जाता घरगुती संगीतकाराला आपली इच्छा नोंदविता आली.

ह्या परवान्यांच्या पायावर बार्सिलोनातील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या संगीत-तंत्रविज्ञान गटाने २००५ साली फ्रीसाउंड हे भांडार उभे केले. त्या वर्षी तेथे भरलेली संगणक-संगीताची आंतरराष्ट्रीय परिषद हे त्याचे निमित्त होते. ते पूर्ण गाण्यांचे भांडार नव्हे. तो ध्वनींचा कोश आहे. पाऊस, आगगाडी, दाराची कुरकुर, वाद्याचा एकेक स्वर अशा नोंदी त्यात आहेत, आणि प्रत्येक नोंदीबरोबर देणाऱ्याने दिलेले वर्णन व परवाना आहे.

इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ सालची संस्था. तिने २००२ पासून मैफलींच्या मुद्रणांचा स्वतंत्र विभाग ठेवला, आणि त्यात कलावंतांची संमती असलेली मुद्रणेच घेतली जातात. छापील स्वरलिपीचे ग्रंथालय असलेले आयएमएसएलपी २००६ साली सुरू झाले. युरोपातील एका प्रकाशनसंस्थेच्या नोटिशीमुळे ते २००७ च्या ऑक्टोबरात बंद पडले आणि २००८ च्या जूनमध्ये पुन्हा उघडले. कॅनडात ज्या कृतींचा स्वामित्वहक्क संपला होता त्यांचा युरोपात संपला नव्हता, हे वादाचे मूळ होते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. जुन्या तबकड्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब आरंभीच करून ठेवावा.

५. जे नष्ट झाले

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. एमपी३ डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ साली निघाले. कोणत्याही संगीतकाराने आपले गाणे तेथे ठेवावे व कोणीही ते विनामूल्य ऐकावे, ही त्याची रीत असल्यामुळे हजारो अप्रसिद्ध कलावंतांनी त्याचा आश्रय घेतला. २००१ साली ते एका बड्या मनोरंजन-उद्योगाने विकत घेतले. २००३ च्या अखेरीस त्याचे नाव आणखी एका कंपनीने घेतले, आणि तेथील संगीतसंग्रह लोकांना बंद झाला.

त्यानंतर मायस्पेसचा जमाना आला. २०१९ साली त्या कंपनीने मान्य केले की, सर्व्हरच्या स्थलांतरात तीन वर्षांपूर्वीचे आणि त्याहून जुने संगीत, छायाचित्रे व चित्रफिती हाती न लागण्याजोग्या झाल्या आहेत. एका पिढीच्या घरगुती मुद्रणांचा फार मोठा भाग असा गेला. त्यातून थोडे उरले ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. काही विद्याव्यासंगी मंडळींनी संगीताच्या जाळ्यांचा अभ्यास करण्यासाठी २००८ ते २०१० ह्या काळात तेथील सुमारे ४,९०,००० फाईली उतरवून घेतल्या होत्या. तो साठा २०१९ च्या एप्रिलमध्ये इंटरनेट आर्काइव्हने लोकांसाठी खुला केला. कंपनीच्या गोदामातून जे गेले त्याचा हा अंश अभ्यासकाच्या नकलेमुळे वाचला.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. प्रबंधासाठी दक्षिण कोकणात हिंडत असताना एका गावी पेटी वाजविणारे एक गृहस्थ भेटले. लग्नप्रसंगी म्हणावयाची गाणी गावातील वयोवृद्ध स्त्रियांकडून म्हणवून घेऊन ती ते घराच्या माजघरात मुद्रित करीत. मला त्यांतील क्रियापदांची रूपे हवी होती, त्यांना चाली हव्या होत्या. आम्ही मुद्रणे मिळून केली, आणि देवाणघेवाणीच्या सोयीसाठी मी ती एका मोफत साठवणुकीच्या संकेतस्थळावर ठेवली. काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. सूचना ज्या पत्त्यावर आली तो पत्ता मी वापरीत नव्हतो. माझ्या संगणकातील प्रतही तोवर गेलेली होती. त्या मुद्रणांतील दोन बायका दरम्यान वारल्या होत्या, आणि त्यांच्याखेरीज ती गाणी संपूर्ण येणारे कोणी उरले नव्हते. मुद्रणे वाचली ती केवळ एवढ्यामुळे की, त्या गृहस्थांनी प्रत्येक फाईल मूळ स्वरूपात एका वेगळ्या तबकडीवर उतरवून कपाटात ठेवली होती आणि वर गायिकेचे नाव, वाडी व तारीख लिहिली होती. विद्यापीठाच्या अभ्यासकाने जी काळजी घ्यावयास हवी होती ती त्यांनी घेतली. ही चूक माझीच होती, सेवा बंद करणाऱ्याची नव्हे; जी जागा माझी नव्हती ती माझी आहे असे मी धरून चाललो.

मराठीच्या अभ्यासकाला ह्या संदर्भात महानुभावांच्या पोथ्या आठवल्यावाचून राहणार नाहीत. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके बंद राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल झाल्यावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची आरंभीची पाने नव्याने लिहावी लागली. ते ग्रंथ लोकांपासून दुरावले ते संकेत बंद असल्यामुळे. ते टिकले ते मठामठांतून त्यांच्या अनेक नकला होत राहिल्यामुळे. संकेताचे खुलेपण आणि नकलांची संख्या ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जतनासाठी दोन्ही लागतात.

६. मराठी प्रदेशाशी निगडित दोन उदाहरणे

ह्या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून काम करीत खेडोपाडीच्या स्त्रियांच्या ओव्या जमविल्या. नोंदलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १९९० च्या दशकात झाले. ते स्टुडिओत नव्हे, गायिकांच्या गावी झाले. २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर हा संग्रह ध्वनी, संहिता आणि भाषांतर यांसह क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला, आणि तेथे गायिकेचे नाव व गाव दिले जाते. राईरकर आणि पॉइतवाँ आज हयात नाहीत. त्यांचे काम मात्र कोणालाही ऐकता येते.

दुसरे उदाहरण भाषाशास्त्राच्या अधिक जवळचे आहे. ह्याच बेल यांनी जेम्स किपन यांच्यासह १९८० च्या दशकात 'बोल प्रोसेसर' ही आज्ञावली तयार केली. लखनौ घराण्याचे तबलावादक कायद्याचा विस्तार करताना कोणते बोल कोणत्या क्रमाने येऊ देतात आणि कोणते येऊ देत नाहीत, ह्याचे नियम त्यांनी रूपात्मक व्याकरणाच्या पद्धतीने लिहिले. आज्ञावली त्या नियमांनुसार नवे विस्तार रची आणि उस्ताद ते ग्राह्य की अग्राह्य हे सांगत. त्यानुसार नियम सुधारले जात. निवेदकाला वाक्य बरोबर आहे काय असे विचारून व्याकरण तपासण्याची आपली जी पद्धत, तीच ही. पुढे ती आज्ञावली मिडी आणि सीसाउंड यांना जोडली गेली आणि आज ती मुक्त संहितेच्या रूपाने मिळते. भारतीय संगीताची एकके त्या संगीताच्या व्यवहारातूनच शोधावीत, हा आग्रह तिच्यात आहे. मिडीच्या यादीवरील आक्षेपाचे ते एक विधायक उत्तर होय. फ्रीसाउंड चालविणाऱ्या बार्सिलोनाच्या गटानेही २०११ पासून काही वर्षे हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या मुद्रणसंग्रहांवर असेच काम केले.

७. उपसंहार

प्रारंभी केलेले प्रतिपादन ह्या पुराव्यावरून बहुतांशी टिकते. मिडी, ऑडॅसिटी, फ्लॅक, फ्रीसाउंड ही साधने मालक बदलूनही, चुका निघूनही, दुरुस्त होत राहिली. कारण त्यांचे नियम उघड होते आणि नकलेचा अधिकार लोकांकडे होता. एमपी३ डॉट कॉम आणि मायस्पेस यांनी जे दिले ते मोफत होते, पण देणाऱ्याने हात आखडताच ते संपले. एमपी३ हे स्वरूप मात्र ह्या नियमात नीट बसत नाही; ते बद्ध असूनही टिकले. त्याचा प्रसार इतका झाला होता की, पेटंटे संपेपर्यंत त्याला पर्याय हवा असे बहुसंख्यांना वाटलेच नाही. विपुल प्रसार हाही जतनाचा एक मार्ग आहे, असे ह्यावरून म्हणावे लागेल. परंतु त्यावर विसंबून राहणे एकाकी मुद्रणाला परवडणारे नाही.

मुक्ततेलाही एक मर्यादा आहे. ओवी म्हणणाऱ्या स्त्रीने ती माझ्यापुढे म्हटली म्हणजे ती जगापुढे ठेवण्याचा अधिकार मला आपोआप मिळत नाही. परवाना देणारा संग्राहक नव्हे, गायक किंवा गायिका होय. तो तिच्या भाषेत समजावून, तिच्याकडून घेतला गेला पाहिजे.

भाषाविभागांच्या कपाटांतून बोलीसर्वेक्षणाच्या फिती आज पडून आहेत, आणि त्या वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. त्या संगणकात उतरविण्यास लागणारी आज्ञावली विनामूल्य आहे, स्वरूप मुक्त आहे, ठेवण्याची जागाही उपलब्ध आहे. उणीव आहे ती नियमाची. पदव्युत्तर प्रबंधाबरोबर मूळ मुद्रणे फ्लॅक किंवा तत्सम अक्षत स्वरूपात, निवेदकाच्या लेखी संमतीसह, दोन वेगवेगळ्या ठिकाणी दाखल करावीत, आणि प्रत्येक फाईलवर नाव, गाव व तारीख असावी, एवढा नियम विभागाने केला तरी पुष्कळ साधेल. कोकणातल्या त्या पेटीवाल्या गृहस्थांनी तो कोणीही न सांगता पाळला होता.